त्या चार कोंबड्या का मेल्या

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी लंगडीनं तुमच्या चपलेत अंडं दिलं. खुराड्यात जायला म्हणून जी जुनी चप्पल तुम्ही ओट्याच्या पायरीखाली ठेवायचात, तीत. घरात माणसं मावत नव्हती, आपली लेक वैशाली सुरतहून येऊन माझ्या गळ्यात पडली होती, बायका रडत होत्या, आणि ही बया पायरीखालून ओरडून ओरडून सगळ्या कळसाडी गावाला सांगत होती की मी अंडं दिलं. तुम्ही असतात तर रडणारांना तसंच सोडून आधी बाहेर गेला असतात. खोक्यात गवत घालून दिलेलं असताना हिला चप्पलच का आवडली, हा प्रश्न तुम्हाला दिवसभर पुरला असता. तो प्रश्न मला पडला. तुम्हाला विचारायला म्हणून मी मान वळवली आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरं रडू आलं. तोवर सगळ्यांच्या सोबतीनं रडत होते.

आज एकवीस दिवस झाले. दहावं, तेरावं, सगळं रीतसर पार पडलं. पेपरात फोटो आला, त्यात तुमचं वय एका वर्षानं चुकलं. कारखान्यातले लोक येऊन बोलले, की प्रयोगशाळेत नाना असेपर्यंत उसाच्या रसाचा नमुना कधी इकडचा तिकडे झाला नाही. खरं आहे, पण ते तुम्हाला माहीतच आहे. मला तुम्हाला एक वेगळं सांगायचंय. दीड वर्षं तुम्ही एक प्रश्न घेऊन फिरलात. त्या चार कोंबड्या का मेल्या? शहाद्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलंत, रायकीला विचारलंत, कारखान्यातल्या तुमच्या जुन्या साहेबांनाही फोन लावलात. मला तर विचारलंतच. उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी ते तुम्हाला दिलं नाही. तुम्ही उत्तराशिवाय गेलात.

सांगते. पण बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे मी. पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला शेवट सांगता येत नाही. तुम्हाला माझ्या या सवयीचा कंटाळा यायचा, आज तेवढा सहन करा.

केळीच्या बागेला कोंबडखत हवं म्हणून तुम्ही ट्रॅक्टर घेऊन पोल्ट्रीवर गेला होतात. संध्याकाळी परत आलात ते खत घेऊन आलातच, पण खताच्या ढिगावर प्लॅस्टिकचे तीन क्रेट होते आणि त्यांत पंधरा कोंबड्या. पांढऱ्या म्हणायच्या, पण पांढरं असं काही उरलं नव्हतं. माना उघड्या, पाठी सोललेल्या, तुरे लोळून डोळ्यांवर आलेले, नखं वाढून वाकडी झालेली. मी दारातच उभी राहिले.

“आपला घरमा आजवर अंडं नही उनं,” मी म्हटलं, “आनि तुम्ही सरळ कोंबड्याच लई उनात?”

“खावाले थोड्याच आन्यात वं.”

“मंग कसाले?”

“देखाले.”

लग्नापासून तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला हेच एक कारण. कारखान्यातून जुना सूक्ष्मदर्शक भंगारात निघाला तेव्हा तो घरी आणलात, का, तर देखाले. सातपुड्यात मधमाश्यांचं मोहोळ बघायला गेलात आणि तोंड सुजवून परत आलात, तेही देखालेच. मी तेव्हा म्हटलं होतं की या माणसाला एक दिवस देवही बघायला बोलावेल आणि हा चप्पल न घालता जाईल. आता हे लिहिताना हात थांबला.

मग तुम्ही मला ओट्यावर बसवून सगळं समजावून सांगितलंत. अंडी कमी झाली की पोल्ट्रीतली कोंबडी गाडीत भरून कापायला पाठवतात. ज्या गाडीत चढवण्याच्याही लायक नसतात त्या बाजूला टाकतात. या त्या बाजूला टाकलेल्या. जन्मापासून पिंजऱ्यात. चोचीची टोकं लहानपणीच छाटलेली, एकमेकींना टोचू नये म्हणून. तुम्ही एक कोंबडी दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केलीत आणि म्हणालात, “देख, हाईनी आजवर माती देखेल नही. एक दिन तरी पाय मातीले लागू दे तिना.”

मी अटी घातल्या. कोंबडी ओट्याच्या वर चढणार नाही. तुम्ही हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येणार नाही. अंडी झालीच तर ती रायकीच्या घरी जातील, आपल्या फळीवर नाही. तुम्ही सगळ्याला मान डोलावलीत. तुम्ही ज्या गोष्टींना मान डोलावता त्या ऐकलेल्या नसतात, हेही मला लग्नापासून माहीत होतं.

रायकी आणि तिचा नवरा आपल्या शेतावर सालदार म्हणून राहतात, हे लोकांना सांगावं लागेल, तुम्हाला नाही. ती धडगावकडच्या पाड्यावरची, कोंबड्यांत वाढलेली बाई. तिनं एकेक क्रेट उघडला, आडवा केला आणि वाट पाहिली. एकही कोंबडी बाहेर आली नाही. रायकी तोंडाला पदर लावून हसायला लागली. “नाना, ह्या कोंबड्या नही शेत. यासले चालता बी येत नही,” ती म्हणाली. तुम्ही क्रेटच्या समोर मातीत बसून राहिलात. अंधार पडेपर्यंत एकच बाहेर आली. तिनं एक पाय मातीवर ठेवला, वर उचलला, पुन्हा ठेवला. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं वैशालीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा बघितलं होतंत.

दोन पहिल्या दोन दिवसांतच गेल्या. तेरा राहिल्या.

त्यानंतर आपल्या घरात जे सुरू झालं त्याला कोंबड्या पाळणं म्हणत नाहीत. रायकी म्हणायची तेच खरं, नानाची शाळा. गावातल्या कोंबड्या दिवस बुडाला की आपोआप डालग्याखाली जातात. या जात नव्हत्या. जिथं अंधार होईल तिथंच फतकल मारून बसायच्या, आणि तुम्ही टॉर्च घेऊन एकेकीला उचलून आत ठेवायचात. आठ दिवस तुम्ही विचार करत राहिलात. मग जेवताना एकदम घास तोंडाजवळ थांबवून म्हणालात की पोल्ट्रीत दिवा चालू असतो, यांनी संध्याकाळच पाहिलेली नाही, घरी जायची वेळ झाली हे यांना सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी खुराड्यात बल्ब लावलात. दिवेलागणीला बल्ब पेटला आणि सगळ्या उजेडाकडे चालत आत गेल्या. तुम्ही तसेच पळत घरात आलात मला सांगायला, हातपाय न धुता. मी ओरडले नाही त्या दिवशी, आठवतंय का?

आणि ती धुळीची गोष्ट. मी धुणं वाळत घालत होते. एक कोंबडी उन्हात आडवी पडली, पंख फेकले, पाय झाडायला लागली, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं फीट आली. मी ओरडले, “अहो, मरी ऱ्हायनी, मरी ऱ्हायनी!” तुम्ही आलात, रायकी आली. रायकीनं बघितलं आणि कमरेवर हात ठेवला. “अंघोळ करी ऱ्हायनी ती,” ती म्हणाली. धुळीत अंघोळ. तोवर एकीनंही केली नव्हती. तुम्ही विचारलंत, हिला कोणी शिकवलं? रायकीला तो प्रश्नच कळला नाही, कोंबडीला कोण शिकवणार? पण तुम्ही दोन दिवस तोच धरून बसलात. आई पाहिली नाही, माती पाहिली नाही, दुसरी कोणी करताना पाहिली नाही, मग आलं कुठून? मी म्हटलं रक्तातच असतं. तुम्ही म्हणालात, रक्तात असतं तर मग संध्याकाळी घरी जाणं का नव्हतं रक्तात? तो वाद अजून तसाच पडून आहे.

आता माझ्या चोरीची गोष्ट.

सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत बसायचे तेव्हा लंगडी समोर येऊन उभी राहायची. तिचा एक पाय वाकडा होता, म्हणून बाकीच्या तिला ताटलीपाशी जाऊ देत नसत. ती काही मागायची नाही. एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघायची, जणू पहिल्या डोळ्यावर तिचा विश्वास नाही. वर्गात अशी एक तरी मुलगी असतेच. मी एक दिवस मूठभर कणी टाकली. चोचीचं टोक नसल्यानं तिला दाणा धरता येईना, निसटून जायचा. दुसऱ्या दिवसापासून मी कणी भिजवून ठेवायला लागले. मग बाकीच्याही यायला लागल्या. तुम्ही शेतात गेलात की पंधरा मिनिटं आमची पंगत बसायची, आणि तुम्ही परत यायच्या आत मी ओटा धुऊन टाकायचे. तुमच्यापुढे मात्र मी त्यांना हाड हाड करायचे. अटी मी घातल्या होत्या ना, त्या मीच मोडल्या असं कोणत्या तोंडानं सांगणार?

तुम्हाला संशय आला होता, हे मला त्या साडीच्या दिवशी कळलं. कोंबडी माणूस ओळखते की ताटली, यावर आपलं महिनाभर भांडण चाललं होतं. मी म्हणायचे ताटली. तुम्ही म्हणायचात माणूस, आणि तेही चेहऱ्यानं. मग एका दुपारी तुम्ही माझी जुनी हिरवी साडी डोक्यावरून घेऊन, मिश्यांसकट, अंगणात उतरलात. रायकीचं हसणं थांबेना. रिकाम्या हातानं गेलात, आणि त्या तेराही तुमच्या पायांशी धावत आल्या. तुम्ही साडीतून माझ्याकडे बघितलंत.

“यासले तुनी साडी कशी काय माहीत?” तुम्ही विचारलंत.

“अंगन मीच झाडस ना,” मी म्हटलं.

“झाडूमांगे कोंबडी पयत येस का वं?”

मी आत निघून गेले. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. तुम्हाला उत्तर मिळालं होतं असं मला आज वाटतं, आणि ते तुम्ही माझ्यासाठी झाकून ठेवलंत.

त्याच वर्षी थंडीत मका पेरून झाल्यावर अर्धी पिशवी बियाणं उरलं. कोठीत खुंटीला टांगलेलं होतं. माझ्या माहेरी बियाण्याचा उरलेला दाणा कधी फेकला नाही. आई पावडर लावलेली ज्वारीसुद्धा धुऊन, वाळवून बैलांना घालायची, आणि बैल जगायचे. आता बियाणं गुलाबी रंगाचं येतं, औषध चोपडलेलं. पिशवीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की खाण्यासाठी वापरू नये. मी ते वाचलं. मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईनं ते उभं राहून, चष्मा लावून वाचलं, आणि मनात म्हटलं, हे न धुणारांसाठी लिहिलेलं असतं. मला कण्यांचा कंटाळा आला होता. थंडीत त्यांना मक्यानं ऊब येईल असं वाटलं. मी मका धुतला, उन्हात वाळवला, जात्यावर जरा भरडला, म्हणजे त्यांच्या त्या बोथट चोचींना जमेल. इतकी काळजी मी घेतली. तुम्ही शहाद्याला लग्नाला गेला होतात. मी ओट्यावर परात ठेवली.

लंगडीला त्या दिवशी बाकीच्यांनी जवळ येऊ दिलं नाही. म्हणून ती वाचली.

संध्याकाळपासून त्या थरथरायला लागल्या. चालताना पडायच्या. सकाळी चार खुराड्यात आडव्या होत्या, बाकीच्या झिंगल्यासारख्या कोपऱ्यात. तुम्ही एकेकीला बाहेर आणून लिंबाच्या झाडाखाली ठेवलंत. मी दारात होते. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, “तू काही टाकं व्हतं का यासले?”

“नही,” मी म्हटलं. “मी कसाले टाकू?”

एका उत्तरात दोन खोट्या गोष्टी. मी मका घातला हे तर लपवलंच, पण मी त्यांना रोज खायला घालते, त्यांच्यासाठी कणी भिजवते, लंगडी दिसली नाही की मला चैन पडत नाही, तेही लपवलं. एक कबूल केलं असतं तर दुसरं आपोआप बाहेर आलं असतं. त्या क्षणी मला कशाची जास्त लाज वाटली ते मला अजून नीट सांगता येत नाही.

उरलेला मका मी दुपारी विहिरीपलीकडच्या पडीकात खोल खड्डा करून पुरला. पिशवी जाळली.

आयुष्यभर नमुने तपासलेले तुम्ही, पण त्या चौघींचा नमुना घेतला नाहीत. पोट फाडून बघायला तुमचा हात धजावला नाही. पुरून टाकल्यात आणि मग डॉक्टरांकडे गेलात. डॉक्टर म्हणाले, आता काय सांगणार, मानमोडी असू शकते, विषबाधा असू शकते, लस दिली होती का? तुम्ही लग्नाच्या गडबडीत लस आठ दिवस पुढे ढकलली होती. झालं. तुम्ही तेच धरलंत. पण तुम्हाला ते पुरतं पटतही नव्हतं, कारण मानमोडीत मान वाकडी होते आणि आपल्यांची झाली नव्हती. तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणायचात, मान सरळ होती, मग कशानं? आणि प्रत्येक वेळी शेवटी स्वतःवरच यायचात.

मी सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. एकदा शहाद्याच्या स्टँडवर आपण गाडीची वाट बघत होतो. तुम्ही डॉक्टरांना तिसऱ्यांदा भेटून आला होतात. मी म्हटलं, “अहो, त्या कोंबड्या ना…” तेवढ्यात गाडी लागली. तुम्ही रुमाल टाकून खिडकीतून जागा धरलीत, मला आधी चढवलंत. गाडी गावाबाहेर पडल्यावर विचारलंत, “काय सांगी ऱ्हायंती तू?” मी म्हटलं, शेव घ्यायची राहिली. तुम्ही म्हणालात, आता पुढच्या खेपेला.

नऊ कोंबड्या उरल्या, जगल्या, त्यांना पिसं आली, तुरे लाल झाले. बघणारा म्हणेल नानांनी छान सांभाळल्या. पण तुमचं देखाले संपलं होतं. तुम्ही रोज त्यांच्याजवळ बसायचात, पण बघत नव्हतात, राखत होतात. कुठली शिंकली, कुठली कमी खाते. प्रयोग बंद, भांडणं बंद. एक कोंबडी भिंतीवर चढून पपईच्या झाडावर जाऊन बसली. पिंजऱ्यातली कोंबडी, झाडावर! मी तुम्हाला मुद्दाम हाक मारून दाखवली. तुम्ही म्हणालात, “पडी जाई, उतार तिले.” मला तेव्हा रडू आवरेना. मी कांदा चिरायला घेतला.

मागच्या वर्षी पोल्ट्रीच्या मुकादमाचा फोन आला, नाना, आणखी वीसेक बाजूला काढल्यात, नेता का? तुम्ही म्हणालात, “नही भो. मन्हा हात बरा नही.” मी पाच हातांवर भाजी निवडत होते. एक वाक्य बोलायचं होतं. त्या वीस कोंबड्या आणि तुमचा हात, दोन्ही त्या एका वाक्यानं सुटले असते. मी भाजी निवडत राहिले. त्या वीस गेल्या, जिथं जातात तिथं.

माझ्या हातून मेलेल्या चार मला छळत नाहीत, खरं सांगते. तो अपघात होता. त्या वीस छळतात, आणि तुमचं ते वाक्य.

तेराव्यानंतर वैशाली म्हणाली, “मम्मी, तू सुरतला चल. कोंबड्या रायकीला देऊन टाक. पप्पांच्या होत्या, त्यांच्यासोबत तो विषय संपला.” मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पप्पांच्या होत्या, हे तिलाही खरंच वाटतं, मी इतकं चोख काम केलं होतं.

आणि काल तुमचा फोन वाजला. मी तो अजून चार्ज करते, का ते विचारू नका. मुकादमच होता.

“नाना शेत का?”

“नाना गेले,” मी म्हटलं. “तीन आठवडे झाले.”

मागून कोंबड्यांचा कलकलाट येत होता, त्या लांबलचक शेडमधला. मग म्हणाला, “माले माहीत नव्हतं माय. ऱ्हाऊ द्या मंग. काही कोंबड्या बाजूले काढेल शेत, मागे नाना नही म्हनेल व्हतात, तरी म्हनं एकदाव इचारी देखू.”

“पंधरा ठेवा,” मी म्हटलं. “मी येते.”

“तुम्ही सांभाळशात?”

आणि मला खोटं बोलता येईना. कोणा अनोळखी माणसाला, फोनवर, मी सांगून टाकलं. मागच्या वेळी चार मेल्या त्या माझ्यामुळे मेल्या, मी त्यांना बियाण्याचा मका घातला, नानांचा त्यात काही दोष नव्हता. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “माय, आठे आजना दिनमा सात मरी गयात. तुम्ही गाडी लई या.”

फोन ठेवला तर मागे रायकी उभी. सगळं ऐकलेलं. मी म्हटलं, आता तूही बोल काय बोलायचं ते. ती खाली बसली, माझ्याजवळ, ओट्यावर. “मन्ही सासूनी बी असंच करं व्हतं,” ती म्हणाली. “बाजरी. अकरा मरात. मन्हा सासरा दोन दिन बोलना नही, तिसरा दिन म्हने, आते कोंबड्या कोन लई यी, तू का मी?” मग ती उठली आणि खुराड्याला आणखी एक जाळी लागेल, मापं घेऊ का, म्हणाली.

दोन दिवस. तिच्या सासूनं दोन दिवसांत भागवलं, मी दीड वर्ष घेतलं आणि तरी वेळेत पोचले नाही. चुकलं माझं. मका घालणं चुकलं ते वेगळं, पण तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हटलं, ते चुकलं. तुम्ही रागवाल म्हणून मी गप्प होते असं मी स्वतःला सांगत आले. तेही खोटंच. तुम्हाला कधी धड रागावता आलं का? मला भीती होती की तुम्ही म्हणाल, म्हणजे तू त्यांना रोज खायला घालायचीस? आणि हसाल, आणि मी हरेन. एवढ्यासाठी.

उद्या सकाळी रायकीचा नवरा ट्रॅक्टर काढणार आहे, मी बरोबर जाते. काय होतं ते बघते. पहिली कोंबडी किती वेळानं पाय बाहेर ठेवते, तेही बघते.

हे सगळं लिहून झाल्यावर मी बसले होते, आणि तुम्ही यावर काय म्हणाला असतात ते मला स्पष्ट ऐकू आलं. तुम्ही ‘का केलंस’ असं विचारलं नसतंत. तुम्ही खुर्ची ओढून घेतली असतीत, पुढे वाकला असतात आणि विचारलं असतंत की किती वेळा धुतलं, गार पाण्यानं की गरम.

तीनदा धुतलं. गार पाण्यानं. तिसऱ्या पाण्याला रंग आला नाही, म्हणून थांबले.